बुरशीपासून अँटिबायोटिक नेमकं कसं काढतात? सडक्या संत्र्याचा काही उपयोग आहे का?

प्रयोगवही
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पोरांनी "सडक्या संत्र्यापासून पेनिसिलिन" असा विषय धरून ठेवलाय. पाठ्यपुस्तकात फ्लेमिंगचं एक पान आहे. बुरशी पडली, भोवतीचे जिवाणू मेले, औषध सापडलं. मधलं सगळं गायब. त्या एका बशीतून इंजेक्शनची बाटली कशी झाली हे पोरांना सांगायचं तर मला आधी नीट कळायला हवं. शिवाय गावात अर्धवट माहिती फिरते ती वेगळीच: बुरशीतूनच औषध निघतं तर बुरशी आलेली पोळी खाल्ली किंवा जखमेवर बांधली तर बिघडलं काय, वगैरे. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. पोरांना शाळेत सुरक्षितपणे काय दाखवता येईल तेही सांगा.

पेट्रीडिश
सर, आधी संत्र्याचं निपटवू. संत्र्यावर जी हिरवट बुरशी येते, कडेला पांढरी गोल पट्टी आणि मधे शेवाळी हिरवी पूड, ती पेनिसिलियम डिजिटेटम. निळसर येते ती पेनिसिलियम इटालिकम. नावात पेनिसिलियम आहे म्हणून पोरं फसतात. या कुळात शेकड्यांनी जाती आहेत आणि कामापुरतं पेनिसिलिन करणाऱ्या त्यात मोजक्याच. औषधाची जात म्हणजे पेनिसिलियम क्रायसोजेनम. फ्लेमिंगच्या बशीतली तेव्हा नोटॅटम म्हणून नोंदली होती, आता तिला रुबेन्स म्हणतात. संत्र्यावरच्या दोन्ही बुरशा फळ सडवण्यात पटाईत आहेत, औषधाच्या कामाच्या नाहीत.

उलट पेनिसिलियमच्याच काही जाती विष करतात. सफरचंद सडवणारी एक्सपान्सम पॅट्युलिन करते, आणखी काही जाती सिट्रिनिन आणि ऑक्राटॉक्सिन करतात. मजा अशी की पॅट्युलिन जिवाणूही मारतं. १९४० च्या दशकात सर्दीवरचं औषध म्हणून त्याची चाचणीही झाली होती, पुढे ते विषाच्या यादीत गेलं. म्हणजे जिवाणू मेले एवढ्यावरून औषध ठरत नाही. जिवाणू मरावा आणि माणसाच्या पेशीला धक्का लागू नये, तर ते औषध.

वावरातला_भाऊ
मंग ते खरबुजाचं काय हो मॅडम? अमेरिकेत बाजारातल्या सडक्या खरबुजावरून बुरशी घेतली असं पोरगं मले वाचून दाखवून ऱ्हायलं होतं. त्याईचं खरबूज चालते अन आपलं संत्रं काहून चालत नाई?

किण्वन_कट्टा
भाऊ, खरबुजाची गोष्ट खरी आहे. ती फळामुळे घडली नाही, त्या बुरशीच्या वाणामुळे घडली. सविस्तर लिहितो, कारण सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

फ्लेमिंगने सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ती बशी पाहिली आणि १९२९ ला निबंध छापला. त्याच्या बुरशीच्या रसात मिलिलिटरला दोनेक युनिट पेनिसिलिन असायचं. एक युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम. हिशेब करा: लिटरभर रसात जेमतेम सव्वा मिलिग्रॅम. आज दवाखान्यात १० लाख युनिटची बाटली मिळते, त्यात ६०० मिलिग्रॅम औषध असतं. फ्लेमिंगच्या रसातून तेवढं काढायचं तर ५०० लिटर रस लागेल, म्हणजे २०० लिटरचे अडीच ड्रम. तेही काढताना काहीच वाया गेलं नाही असं धरून. त्याला ते शुद्धही करता आलं नाही, कारण वेगळं काढायला गेलं की मोडायचं.

दहा वर्षांनी ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली या शास्त्रज्ञांनी ते धरलं. २५ मे १९४० ला आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस टोचला, चौघांना पेनिसिलिन दिलं. ते चार जगले, बाकीचे चार रातोरात मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला दिलं. ताप उतरला, पण औषध संपलं. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून पुन्हा टोचलं तरी पुरलं नाही, आणि मार्चमध्ये तो गेला. औषध बरोबर होतं, उत्पादन नव्हतं. बुरशी तेव्हा उथळ भांड्यांत तरंगत वाढवायचे. सुरुवातीला चक्क रुग्णाच्या शौचाची भांडी वापरली, नंतर हीटलीने त्याच धर्तीवर चिनी मातीची भांडी बनवून घेतली.

त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. तो मक्याचा मुलूख. स्टार्चच्या कारखान्यात मका दीड-दोन दिवस ५० अंशाच्या आसपासच्या पाण्यात थोड्या सल्फर डायऑक्साइडसह भिजवतात. ते पाणी आटवलं की तपकिरी, आंबूस, दाट द्रव उरतो. तो वायाच जायचा. बुरशीच्या खाद्यात तो घातला आणि साध्या साखरेऐवजी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज दिली, तर उतारा कितीतरी पटींनी वाढला. मग जास्त देणारा वाण हवा म्हणून जगभरातून माती आणि सडकी फळं तपासली. १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या खरबुजावर तो वाण सापडला, त्याचा नोंदणी क्रमांक एनआरआरएल १९५१. त्यावर क्ष-किरण, मग अतिनील किरण मारून आणखी देणारे वाण निवडत गेले. आजचे कारखाने त्याच वंशावळीवर चालतात आणि लिटरला ४० ते ५० ग्रॅम काढतात. सव्वा मिलिग्रॅमवरून ४० ग्रॅमवर. दर वेळी हजारो वसाहती तपासायच्या आणि एक ठेवायची, असं निवडीचं काम वर्षानुवर्षं चाललं. देशी कपाशीवरून आजच्या वाणावर येणं याच्यापुढे काहीच नाही.

म्हणून भाऊ, संत्र्यावरही एखाद्या वेळी चांगला वाण सापडू शकतो. पण तो ओळखायला हजार बशा, मोजायला यंत्रणा आणि सुधारायला दहा वर्षं लागतील.

वावरातला_भाऊ
समजलं. पण टाकीत नेमकं काय होते ते सांगा ना. आमच्या इकडं लोकं समजतात का बुरशी दळून गोळी करतात.

किण्वन_कट्टा
बुरशी तर सुरुवातीलाच गाळून बाजूला काढतात. औषध असतं ते तिने पाण्यात सोडलेलं.

वाण शून्याखाली गोठवून किंवा सुकवून ठेवलेला असतो. एका बशीतून दुसऱ्या बशीत वर्षभर नेत राहिलात तर उतारा घसरतो. सुधारलेल्या वाणात पेनिसिलिनच्या जनुकांच्या अनेक प्रती असतात, त्या गळतात. आणि कमी औषध करणारी पेशी जोमाने वाढते, त्यामुळे टाकीत तीच माजते. म्हणून प्रत्येक फेरीला गोठवलेल्या मूळ साठ्यातूनच सुरुवात. बीजाणू आधी छोट्या फ्लास्कमध्ये, तिथून बीज-टाकीत, तिथून मोठ्या टाकीत. मोठी टाकी ५० हजार ते दोन लाख लिटरची. बीज साधारण दहा टक्के टाकतात. कमी टाकलं तर बुरशीला जम बसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात घाण शिरते.

तापमान २५ अंशाच्या आसपास, पीएच ६.५ च्या जवळपास. अमोनिया सोडत राहतात, त्याने पीएचही सांभाळला जातो आणि नत्रही मिळतं. पीएच साडेसातावर गेला की तयार झालेलं औषध पाण्यातच मोडायला लागतं.

आता खरी गोम. पोटभर ग्लुकोज मिळालं की बुरशी नुसती वाढते, पेनिसिलिन करत नाही. ग्लुकोज असेपर्यंत त्या जनुकांवर लगाम असतो. पिओरियात लॅक्टोज का लागू पडलं ते यावरून कळेल, बुरशी ते हळूहळू फोडून खाते. आज लॅक्टोज देत नाहीत, ग्लुकोजच देतात, पण थेंबथेंब. पहिले ४० तास वाढू देतात, नंतर पाच-सहा दिवस अर्धपोटी ठेवून काढून घेतात. खाद्याचा पंप अडकून एकदम जास्त सुटला तर त्या दिवसाचं उत्पादन गेलं. फार कमी सुटला तर पेशी फुटतात आणि पुढे गाळणीवर रडायची वेळ येते.

बरोबरीने फिनाइल ॲसिटिक आम्ल देतात. पेनिसिलिन रेणूला एक शेपूट असते, ती या आम्लातून येते आणि त्याने पेनिसिलिन जी बनतं. फिनॉक्सी ॲसिटिक आम्ल दिलं तर पेनिसिलिन व्ही, जे पोटातल्या आम्लात टिकतं, म्हणून गोळी करून देता येतं. हे आम्ल बुरशीला विषारी आहे, तेही थोडं थोडंच द्यावं लागतं.

जिज्ञासू_यवतमाळ
हवेचं काय? मद्यार्काच्या टाकीला तर हवा लागत नाही.

किण्वन_कट्टा
ते यीस्टचं काम, ते हवेशिवाय चालतं. पेनिसिलियमला ऑक्सिजन नसला की काही मिनिटांत उत्पादन पडतं. पाण्यात विरघळून राहणारा ऑक्सिजन लिटरला ७-८ मिलिग्रॅमच, त्यामुळे आत गेला की लगेच संपतो. मिनिटाला टाकीच्या आकारमानाच्या अर्ध्यापासून एक पटीइतकी हवा, जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून, खालून सोडतात आणि मोठे पंखे ढवळत राहतात. बुरशीचे धागे एकमेकांत गुंतून रस भातपेजेसारखा दाट होतो. दाट झाला की हवा शिरत नाही. पंख्याचा वेग वाढवावा तर धागे तुटतात. हा ताळमेळ पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सांभाळायचा. फेस आला की तेल किंवा फेसमार सोडतात. जास्त पडलं तर तेच पुढे द्रावकात दुधासारखं मिसळून बसतं.

बुरशी स्वतःही उष्णता सोडते. लाख लिटरच्या टाकीला थंड पाण्याची नळकुंडली नसेल तर तासाभरात तापमान चढतं. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याला ४५ अंशाच्या वर पारा असताना साध्या कूलिंग टॉवरच्या पाण्याने टाकी २५ वर राहणार नाही, त्याला शीतयंत्राचंच पाणी लागतं.

आणि घाण शिरली तर? पेनिसिलिन मोडणारं विकर करणारा एखादा जिवाणू शिरला तर बुरशी ठणठणीत असते, रस दाट असतो, वास बरोबर असतो, आणि औषध शून्य. टाकीला वाफ दिली पण एखाद्या व्हॉल्व्हच्या कोपऱ्यात ती पोचली नाही, तर तिथून हे होतं.

प्रयोगवही
हे अप्रतिम आहे. मग पाण्यातून औषध वेगळं कसं करतात? फ्लेमिंगला जे जमलं नाही ते?

किण्वन_कट्टा
हीटलीची युक्ती, आजही तीच. पेनिसिलिन हे आम्ल आहे. पाणी आंबट असलं की ते तेलकट द्रावकात पळतं, पाणी उदासीन असलं की परत पाण्यात येतं. फ्लेमिंगच्या रसातून त्याला कधी इकडे, कधी तिकडे ढकलत नेलं की बाकीची घाण मागे राहते.

फिरत्या गाळणीवर बुरशी काढली की रस लगेच शून्य ते तीन अंशाला थंड करतात. मग सौम्य गंधकाम्लाने पीएच दोन-अडीचवर आणून ब्युटाइल ॲसिटेटमध्ये ओढून घेतात. अडचण अशी की आंबट पाण्यातच पेनिसिलिन सगळ्यांत लवकर मोडतं. पीएच दोनला २४ अंशाला ठेवलं तर वीसेक मिनिटांत अर्धं गेलं. शून्य अंशाला ठेवलं तर अर्धं जायला चार तासांवर लागतात. म्हणून सगळं थंड आणि झटपट. आम्ल मिसळून लगेच वेगाने फिरणाऱ्या यंत्रात दोन थर वेगळे, सगळं मिळून काही मिनिटांत. यंत्र बंद पडलं आणि आंबट रस नळीत अडकला तर तो फेकावाच लागतो.

इथं दुसरा घोळ म्हणजे आधी सांगितलेली फुटलेली बुरशी. तिच्यातली प्रथिनं रसात आली की द्रावक आणि पाणी वेगळे होतच नाहीत, मधे चिकट साय तयार होते. त्यासाठी साय तोडणारं रसायन टाकतात, पण मुळात टाकी वेळेत उतरवणं हाच इलाज. शेवटी कोळशाने रंग काढून द्रावकात पोटॅशियम ॲसिटेट घातलं की पेनिसिलिनचं पोटॅशियम क्षार पांढरे स्फटिक होऊन खाली बसतं. गाळायचं, धुवायचं, सुकवायचं.

गोळीवाला
पुढचा टप्पा मी लिहितो. त्या पांढऱ्या पुडीतली बरीचशी आता इंजेक्शनमध्ये जातच नाही. तिची शेपूट विकराने तोडतात, उरतो तो गाभा म्हणजे सहा-अमिनो-पेनिसिलॅनिक आम्ल. हा गाभा १९५० च्या दशकाच्या शेवटी वेगळा करता आला. त्याला नव्या शेपट्या जोडून ॲम्पिसिलिन, अमोक्सिसिलिन बनतात. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी अमोक्सिसिलिनची कॅप्सूल अर्धी बुरशीची, अर्धी रसायनशाळेची.

सेफॅलोस्पोरिन या दुसऱ्या अँटिबायोटिक गटाचं तसंच. सार्डिनियातल्या कॅग्लिआरीला ब्रोत्झू यांना १९४५ मध्ये समुद्रात सोडलेल्या सांडपाण्याच्या तोंडाशी एक बुरशी मिळाली, आज तिला ॲक्रिमोनियम म्हणतात. सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोन हे सगळं कुटुंब त्या गाभ्यावरून आलं.

बुरशीतूनच बुरशीवरचं औषधही निघालं: ग्रिसिओफुल्विन, १९३९, पेनिसिलियम ग्रिसिओफुल्वम. गजकर्णावर देतात, जेवणात तूप-तेल असेल तेव्हा घ्यायला सांगतात, कारण स्निग्धाबरोबर ते अंगी लागतं. आठ दिवसांत खाज थांबली म्हणून लोक सोडतात आणि पुन्हा येतं. नवीन कातडी, नख वाढून येईपर्यंत घ्यावं लागतं.

आपल्या राज्याचा भाग म्हणजे पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ ला उभी राहिलेली, देशातली पहिली सरकारी औषध कंपनी. तिथल्याच प्रयोगशाळेत हॅमायसिन आणि ऑरिओफंगिन ही बुरशीनाशकं सापडली.

गावाकडच्यांसाठी एक कामाचं. अमोक्सिसिलिनचं कोरडं सिरप पूड असेपर्यंत टिकतं. पाणी घातलं की त्याची चौकोनी कडी पाण्याने फुटायला लागते, उन्हाळ्यात फार लवकर. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत, आधी अर्धं घालून हलवून मग बाकीचं. एकदम ओतलं तर तळाला गोळा बसतो आणि पहिल्या चमच्यात औषध कमी, शेवटच्यात जास्त जातं. क्लॅव्हुलॅनिक आम्ल असलेलं सिरप फ्रिजमध्येच, आणि लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर उरलेलं फेकायचं. पुढच्या तापाला ठेवून द्यायचं नाही. सर्दी-पडशाला तर ते द्यायचंच नाही, विषाणूला ती भिंतच नसते जी हे औषध पाडतं.

प्रयोगवही
भिंतीचं थोडं उलगडून सांगाल? पोरं हेच विचारतील.

पेट्रीडिश
जिवाणूभोवती साखर आणि अमिनो आम्लांच्या साखळ्यांची जाळी असते. आतला दाब मोठा असतो, ती जाळी तो दाब पेलते. वाढताना जिवाणू जाळी उसवतो आणि नवे टाके घालतो. टाके घालणाऱ्या विकराला पेनिसिलिन चिकटून बसतं. उसवणं चालू, टाका बंद, जिवाणू फुटतो. म्हणून ते वाढत्या जिवाणूवरच चांगलं चालतं, स्वस्थ बसलेल्यावर नाही. माणसाच्या पेशीला ती जाळी नाही, बुरशीलाही नाही. त्यामुळे बुरशी स्वतः त्यात मरत नाही. पण ॲलर्जी हा वेगळा विषय आहे आणि तो जीवघेणा ठरू शकतो. पेनिसिलिनचं इंजेक्शन घरी, ओळखीच्याकडून टोचून घेऊ नये.

गोठा_आणि_कास
आता दुधाचा मुद्दा, कारण गावात पेनिसिलिन सगळ्यांत जास्त गोठ्यात वापरलं जातं. कास सुजली की सडात नळी सोडतात, किंवा प्रोकेन पेनिसिलिन टोचतात. त्या गायीचं दूध लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत डेअरीला घालायचं नाही. चारही सडांचं. "एकाच सडात नळी सोडली, बाकी तीन चालतील" हे चुकीचं, औषध रक्तातून सगळीकडे उतरतं.

घरी पहिली खूण म्हणजे दही लागत नाही. विरजणातले जिवाणू पेनिसिलिनला फार नाजूक असतात. लिटरला काही मायक्रोग्रॅम असलं तरी ते मंदावतात, आणि कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, दुधात बेन्झिलपेनिसिलिनची मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम ठेवलीय ती उगीच नाही. दूध उकळल्याने हे जात नाही. शंका असेल तर दोन वाट्या लावा. एकीत औषध न दिलेल्या गायीचं दूध, दुसरीत संशयाचं. दोन्ही उकळून कोमट करून एकाच दह्याचं सारखंच विरजण, एकाच जागी ठेवा. पहिली लागली, दुसरी पाणचट राहिली तर संशय पक्का करा. दोन्ही नाही लागल्या तर विरजण मेलेलं आहे किंवा थंडी आहे. डेअरीत जांभळ्या रंगाची कुपी वापरतात. तीत उष्णता सहन करणारा जिवाणू असतो, ६४-६५ अंशाला तीनेक तास ठेवतात. जिवाणू वाढला तर आम्लाने पिवळी होते, जांभळीच राहिली तर दुधात औषध आहे. दही लागलं म्हणून दूध स्वच्छ, असं मात्र उलट म्हणता येत नाही. विरजणाच्या भरवशावर मुदतीआधी दूध घालू नका.

वावरातला_भाऊ
ढेपीवर बुरा चढला तं मंग? पावसाळ्यात सरकी ढेपीले हिरवं-पिवळं येतेच. अँटिबायोटिकच असंन म्हणून ढोराइले टाकून देतात लोकं.

गोठा_आणि_कास
भाऊ, ते टाकू नका. ढेपेवरची ती पिवळट-हिरवी बहुतेक ॲस्परजिलस. ती अफलाटॉक्सिन करते, जे यकृत खराब करतं आणि कर्करोगालाही कारण होतं. गायीने खाल्लं की दुधात एम-१ रूपात उतरतं. भारतात दुधाची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. भाजून, उकळून ते जात नाही. वरची बुरशी खरवडून खालची ढेप घालणंही व्यर्थ, विष आत मुरलेलं असतं. पोती जमिनीला टेकवू नका, भिंतीपासून हातभर लांब लाकडी फळीवर ठेवा. ओली झालेली ढेप बाजूला काढा. भुईमूग आणि मका यांनाही हेच लागू.

पेट्रीडिश
जखमेवर बुरशीची पोळी बांधण्याबद्दलही लगेच लिहिते, कारण सरांनी तो विषय काढलाच आहे. पोळीवर बहुधा रायझोपस किंवा ॲस्परजिलस येते, पेनिसिलियम आली तरी तिच्यातल्या औषधाचं प्रमाण नगण्य. बरोबर असतात जिवाणू, धूळ, विष. मधुमेह असलेल्याच्या जखमेत रायझोपस गेली तर म्यूकरमायकोसिस होऊ शकतो. २०२१ मध्ये काळी बुरशी म्हणून सगळ्यांनी ऐकलेलाच तो आजार. म्हणून नाही म्हणजे नाही.

आता शाळेचा प्रयोग. "संत्र्यातून औषध काढणे" हे नाव सोडा. "बुरशीच्या शेजारी जिवाणू का वाढत नाही" असं ठेवा. संत्र्यावरची किंवा पोळीवरची अनोळखी बुरशी वर्गात वाढवू नका. पेनिसिलियम क्रायसोजेनमचा ओळखीचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून किंवा चंदीगडच्या संग्रहातून महाविद्यालयामार्फत मागवता येतो. जिवाणू बॅसिलस सबटिलिस, आणि तुलनेला ई. कोलायचा निरुपद्रवी प्रयोगशाळेतला वाण. हे काम जवळच्या विज्ञान महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, त्यांच्या देखरेखीत करा. पोरांनी बंद बशा पाहायच्या.

माध्यमात साखर जपून. नुसतं बटाटा-डेक्स्ट्रोज घेतलं तर ग्लुकोजमुळे औषध कमी बनतं आणि मोकळी पट्टी दिसतच नाही, मग मुलं हिरमुसतात. लिटरला लॅक्टोज ३० ग्रॅम, ग्लुकोज ५, यीस्ट अर्क ५, सोडियम नायट्रेट ३, डायपोटॅशियम फॉस्फेट १, मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम, अगर १५. पाव लिटर केलं तरी ९० मिलिमीटरच्या बाराएक बशा होतात. फ्लास्क अर्धाच भरा, तोंडाला कापूस आणि वरून फॉइल. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर २० मिनिटं. पूर्ण भरलेला फ्लास्क उतू जातो आणि कापूस ओला होतो. ओल्या कापसातून बुरशी आत उतरते. ५० अंशापर्यंत, हाताला सोसवेल इतकं गार झालं की ओता. जास्त गरम ओतलं तर झाकणावर पाणी साचतं, त्याच्या थेंबाने वसाहती पसरतात.

ओतताना कूलर आणि पंखा बंद. कूलरच्या ओल्या गवतावरच बीजाणू असतात. आपल्याकडे हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करा. पेनिसिलियमला २०-२५ अंश हवेत. एप्रिलमध्ये खोली ४० ला गेली की ती बसून राहते आणि काळी ॲस्परजिलस सगळी बशी खाते.

बशीच्या एका कडेला बुरशीची रेघ ओढा, सहा-सात दिवस वाढू द्या. मग तिच्यापासून बोटभर अंतरावरून दोन्ही जिवाणूंच्या रेघा बुरशीकडे आणा, टेकवू नका. दुसऱ्या दिवशी बॅसिलसची रेघ बुरशीजवळ तुटलेली दिसेल. ई. कोलाय बरीचशी वाढलेली दिसेल, कारण तिच्या जाळीवर आणखी एक आवरण असतं आणि पेनिसिलिन जी त्यातून नीट शिरत नाही. बुरशी नसलेली एक बशी जोडीला हवीच, नाहीतर "जिवाणू तसाही वाढला नसता" या प्रश्नाला उत्तर नाही. हुशार परीक्षक विचारेल की बुरशीने आम्ल सोडलं म्हणून जिवाणू थांबला नसेल कशावरून? तेव्हा पेनिसिलिनेज, म्हणजे पेनिसिलिन मोडणारं विकर, घातलेली एक बशी दाखवा. तिथे पट्टी नाहीशी झाली तर ते पेनिसिलिनच.

वावरातला_भाऊ
ट्रायकोडर्मा बी बुरशीच ना? अन संत्र्याले मारतो ते स्ट्रेप्टोसायक्लिन?

पेट्रीडिश
ट्रायकोडर्मा बुरशीच. ती दुसऱ्या बुरशीला विळखा घालून तिची भिंत विकरांनी पचवते, आणि ग्लायोटॉक्सिनसारखी प्रतिजैविकंही सोडते. तूर-हरभऱ्याच्या मर रोगाला बीजप्रक्रिया करताना ती कार्बेन्डाझिमबरोबर कालवू नका, तो तिलाच मारतो. रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी ते, मग कीटकनाशक, पेरणीच्या अगदी आधी ट्रायकोडर्मा. पुड्यावर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू आणि मुदत पाहा. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या दुकानातला पुडा मुदतीत असूनही मेलेला असू शकतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा ताजा मिळाला तर बरा.

स्ट्रेप्टोसायक्लिन बुरशीचं नाही. त्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन, दोन्ही स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या मातीतल्या जिवाणूंपासून निघालेली. पहिल्या पावसाला मातीचा जो वास येतो तो याच कुळाचा. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये शाट्झ आणि वाक्समन यांच्याकडे सापडलं, ते क्षयरोगावरचं माणसाचं औषध आहे. म्हणून केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा काढला. जिवाणूजन्य खैऱ्या असेल तर रोगट फांद्या छाटून जाळा, ताम्रयुक्त फवारणी करा. संत्र्याच्या डिंक्यावर स्ट्रेप्टोसायक्लिनचा उपयोग शून्य, कारण तो रोग जिवाणूचा नाही, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवाचा.

प्रयोगवही
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं. प्रयोग झाल्यावर बशा कशा टाकायच्या? आणि कारखान्यातली ती गाळलेली बुरशी, तिचं खत करतात का, असं एका पोराने विचारलंय.

पेट्रीडिश
बशा उघडायच्या नाहीत, चिकटपट्टी लावलेल्या तशाच. उष्णता सोसणाऱ्या पिशवीत घालून कुकरमध्ये पूर्ण दाबावर अर्धा तास, मग कचऱ्यात. प्लास्टिकच्या बशा वितळतील, ते चालतं, पण कुकर नंतर स्वयंपाकाला वापरायचा नाही. तो प्रयोगशाळेचाच ठेवा आणि वर तसं रंगाने लिहून ठेवा.

किण्वन_कट्टा
पोराचा प्रश्न पक्का आहे. गाळलेल्या बुरशीत थोडं औषध उरतं. ते तसंच शेतात किंवा ढोरांच्या खाद्यात गेलं तर मातीतले आणि पोटातले जिवाणू त्याला सरावतात. म्हणून उष्णता किंवा अल्कली देऊन उरलेलं पेनिसिलिन आधी मोडावं लागतं, आणि मोडल्याची तपासणी झाल्यावरच ते जाळायला किंवा कुजवायला जातं. फुकट मिळतं म्हणून ट्रॉली भरून आणलं असं कुणी सांगितलं, तर तपासणीचा कागद आधी मागा.